तिकिटांच्या आधी आलेला मास्क

मी मास्क बोलतोय. नाव ऐकून नाक झाकू नका. तो तोंडावर बांधायचा कापडी मास्क माझा कोणी लागत नाही. मी पाण्याखाली बघायचा मास्क. पुढे जाड काच, कडेला सिलिकॉनची मऊ झालर, डोक्यामागून जाणारा पट्टा आणि बाजूला अडकवलेली श्वास घ्यायची वाकडी नळी. ती नळी माझी बहीण. तिला बोलता येत नाही, नुसती फुरफुरते.

माझा जन्म एका कारखान्यातला. साच्यातून बाहेर पडलो, काच बसली, खोक्यात गेलो आणि खोकं जहाजात. गंमत बघा, समुद्रासाठी जन्मलेला मी आठवडेच्या आठवडे समुद्रावरून आलो आणि मला समुद्राचा थेंबसुद्धा दिसला नाही.

डोळे उघडले ते फ्रँकफुर्टजवळच्या एका खेळसामानाच्या दुकानात, ऐन जानेवारीत. सगळ्या भिंती बर्फाच्या सामानाने भरलेल्या. लोकरीच्या टोप्या, स्कीचे चष्मे, जाड हातमोजे. मी अगदी कोपऱ्यात, खालच्या हुकावर. लोक माझ्यासमोरून जाताना ओले बूट आपटून बर्फ झाडायचे, ते माझ्या काचेवर उडायचं.

असाच एक जण बूट आपटत थांबला. त्याचं नाव गौरांग. मूळचा साताऱ्याचा, इथे गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. मुलीसाठी बर्फातले बूट घ्यायला आला होता. बाहेर कित्येक दिवसांत ऊन पडलं नव्हतं. त्याने मला हातात घेतलं, काचेतून दुकानाच्या छताकडे बघितलं आणि स्वतःशीच हसला. बुटांबरोबर मीही पिशवीत गेलो.

एश्बॉर्नमधल्या त्यांच्या घरी पिशवी उघडली ती त्याच्या बायकोने, सरिताने.

"हे काय आहे?"

"मास्क. समुद्रात जायला."

"कुठल्या समुद्रात?"

"ते ठरवायचंय."

सरिता खुर्चीतच बसली. "गौरांग, तिकीट नाही, हॉटेल नाही, ऑफिसात उरलाउब, म्हणजे रजा मागितलेली नाहीस, आणि मास्क आणलास?"

"कुठून तरी सुरुवात करायला हवी ना!"

ती हसायला लागली, आणि मला तिथेच कळलं की आपण बरोबर घरी आलो. नंतर ऐकलं ते असं की ही दोघं गेली चार वर्षं 'एकदा मोठ्या सुट्टीवर जाऊ' म्हणत होती. दर वर्षी सुट्टी संपायची ती साताऱ्यातल्या लग्नात, नाहीतर पुण्यातल्या बँकेच्या कामात.

सरिता सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात ईस्टरची रजा मागितली. घरी येऊन सांगितलं, "सगळे माझ्याकडे असे बघत होते! म्हणे, ईस्टर? याच वर्षीचा? इथल्या लोकांनी गेल्या उन्हाळ्यातच ठरवून ठेवलंय." पण रजा मिळाली. मुलीची शाळाही ईस्टरलाच बंद. एक दिवस आधी निघायचं म्हटलं तरी इथली शाळा ऐकत नाही.

मुलगी म्हणजे तनया, तिसरीतली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमधून. आणि घरात चौथी व्यक्ती होती गौरांगची आई, प्रभाताई. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. संक्रांत झाल्यावर साताऱ्याहून आल्या होत्या, एप्रिलच्या मध्यापर्यंत राहणार होत्या.

मला लावून बघायचा कार्यक्रम न्हाणीघरात झाला. गौरांगने टब भरला आणि डोकं बुडवलं. मी लगेच आतून भरलो. त्याला भरदार मिश्या, माझी झालर त्वचेला चिकटेना. मग तनयाने लावलं. तिचं तोंड एवढंसं, मी हनुवटीपर्यंत घसरलो. सरिताने लावलं तर तिला काहीच दिसेना, तिच्या चष्म्याचा नंबर मोठा.

"छान," सरिता म्हणाली. "घरात एकालाही न बसणारा मास्क."

मी हिरमुसलो. दिवाणखान्यात कोटांच्या शेजारी मला टांगलं, आणि तिथून मी सगळं बेट-पुराण ऐकलं.

रविवारी जेवण झालं की टेबलावर लॅपटॉप उघडायचा. आधी मालदीव. पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या खोल्यांचे फोटो बघून आजी म्हणाल्या, "खाली पाणी, चहूकडे पाणी. झोपेत कूस बदलली तर जायचं कुठे?" मग सेशेल्स. तनयाला तिथली मोठी कासवं हवी होती. मग बाली. तिथे पावसाळा संपतोय की नाही यावर अर्धा तास वाद. गौरांगला मासे बघायचे होते, सरिताला नुसतं झोपायचं होतं. "मला झाडाला बांधलेला हॅमॉक द्या आणि कोणी हाक मारू नका," एवढंच तिचं म्हणणं.

"अहो आई, तुम्ही सांगा ना काहीतरी," सरिता म्हणाली.

"मला काय, तुम्ही न्याल तिथे. खायला मिळालं म्हणजे झालं."

मग गौरांग मॉरिशसबद्दल वाचून दाखवायला लागला. किनाऱ्यापासून थोडं दूर प्रवाळाचा बांध, त्यामुळे आतलं पाणी तळ्यासारखं शांत. फ्रँकफुर्टहून एका रात्रीचा प्रवास. आणि तिथे कित्येक पिढ्यांपूर्वी जाऊन राहिलेले मराठी लोक आहेत, भाद्रपदात गणपती बसवतात.

आजी पुढे सरकल्या. "गणपती बसवतात? तिकडे समुद्रात?"

"समुद्रात नाही गं आई, बेटावर."

"मग तिथेच जाऊ," आजी म्हणाल्या, आणि बेट ठरलं.

माझं नशीब उघडलं ते स्वयंपाकघरात. आजी कांदे चिरत होत्या, डोळ्यांतून धारा. तनयाने मला हुकावरून काढून आणलं आणि आजीच्या डोळ्यांवर, नाकावर चढवलं. कांद्याचा वास बंद, धारा बंद. आजींनी नाकाने श्वास ओढला आणि मी त्यांच्या चेहऱ्याला घट्ट बसलो. तनयाने पट्टा सोडवून घेतला, तरी पडलो नाही! आजींनी मान हलवली, खाली वाकल्या, तरी पडलो नाही.

"पापा! कॉम, श्नेल!" तनया ओरडली. बाबा, लवकर ये! गौरांग आणि सरिता धावत आली. आजी मास्क लावून, हातात सुरी घेऊन उभ्या. सगळी पोट धरून हसली, आजीसुद्धा. मी आत होतो म्हणून सांगतो, माणूस मनापासून हसला की आधी गाल वर येतात, मग डोळे बारीक होतात.

"आई, हा तुझाच आहे," गौरांग म्हणाला.

"मला पोहता कुठे येतंय!"

"वारुम निष्ट?" तनयाने विचारलं. का नाही येत?

आजींनी कांदा बाजूला सारला. "आमच्या मळ्यात विहीर होती. माझ्या भावांना पाठीला डबा बांधून त्यात ढकलायचे, तसे ते शिकले. मला म्हणायचे, तू कपडे सांभाळ. मी कपडे सांभाळायचे."

तनयाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हालेनबाड!"

हालेनबाड म्हणजे छताखालचा पोहण्याचा तलाव. सरिताने सासूबाईंसाठी लांब बाह्यांचा, गुडघ्याखालपर्यंतचा पोहण्याचा पोशाख मागवला, आणि शनिवारी सकाळी आजी, सून आणि नात निघाल्या. पहिलाच धक्का बायकांच्या शॉवरच्या खोलीत बसला. तिथे जर्मन आज्या काहीही अंगावर न घेता साबण लावत हवापाण्याच्या गप्पा मारत होत्या. "अगं बाई!" म्हणत आजी मागे वळल्या. सरिताने त्यांना हळूच परत वळवलं. "आई, इथे कोणी बघत नाही. खरंच."

दुसरी अडचण माझी. बाडेमायस्टर, म्हणजे तलावावरचा रखवालदार, माझ्या काचेकडे बघून नकारार्थी मान हलवू लागला. तलावात काचेचं काही चालत नाही. मग त्याने आजींकडे बघितलं, त्यांचा दंड धरून उभ्या असलेल्या तनयाकडे बघितलं, आणि लहानांच्या उथळ तलावाकडे बोट केलं. तिथे चालेल.

आजी पायऱ्या उतरल्या, कमरेइतक्या पाण्यात थांबल्या आणि कठडा सोडेनात. त्या इतका भराभर श्वास टाकत होत्या की माझी काच धुक्याने भरली. शेजारी फ्राऊ केलर नावाच्या, ऐंशीच्या पुढच्या एक बाई पाण्यात कवायत करत होत्या. त्या न विचारता जवळ आल्या, आजींच्या पाठीखाली हात धरला आणि स्वतः मोठ्ठा श्वास घेऊन दाखवला. आजींना जर्मन येत नाही, फ्राऊ केलरना मराठी नाही.

"पाय सुटतायत माझे!" आजी म्हणाल्या.

"गेनाऊ!" फ्राऊ केलर म्हणाल्या. अगदी बरोबर!

पुढचे सगळे शनिवार आम्ही तिथेच. मार्च उजाडेपर्यंत आजी उताणं तरंगायला शिकल्या, मग पालथं पडून, मला पाण्यात बुडवून, नळीतून श्वास घेत पाय मारायला शिकल्या. मी त्यांना तळाच्या निळ्या फरश्या दाखवल्या. त्यांना त्यातही मजा यायची.

आणि मग व्हिसाचं निघालं.

चौघांची तिकिटं काढायला गौरांग बसला होता. पासपोर्टांची पानं समोर उघडी. अचानक त्याचा हात थांबला. आईच्या व्हिसावर जर्मनीत एकदाच यायची परवानगी होती. एकदा बाहेर पडल्या की परत येता येणार नव्हतं. त्याने सरिताला हाक मारली. दोघंही लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिली.

"आपण दुसरीकडे जाऊ," सरिता म्हणाली. "स्पेनला. इथल्या इथे. तिथे आईंचा हाच व्हिसा चालतो."

"तिथे एप्रिलात पाण्यात पाय घालवणार नाही."

आजी सोफ्यावर लोकरीचं विणत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही जा. मी थांबते घरी. झाडांना पाणी घालायलाही कोणीतरी हवंच."

विणायच्या सुया तेवढ्या वाजत राहिल्या. मी हुकावरून बघत होतो. आजी एकच ओळ उसवून पुन्हा विणत होत्या.

तनया जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. ती उठली, आजीशेजारी बसली आणि आईबाबांना म्हणाली, "आबर आजी मुस डोख झोवीझो नाख हाउझे!"

"काय म्हणते ती?" आजींनी विचारलं.

गौरांग लेकीकडे बघतच राहिला. "म्हणते, आजीला तसंही घरी जायचंच आहे ना."

"मग?"

"मग तू इकडे परत कशाला यायचं, आई? मॉरिशसहून थेट मुंबईला विमान आहे! आमच्याबरोबर बेटावर यायचं, आठवडाभर राहायचं, आणि तिथूनच घरी!"

आजींनी विणकाम खाली ठेवलं. "मुंबईला मी एकटी?"

"आई, येताना एकट्याच आलात ना तुम्ही," सरिता म्हणाली. "आणि मुंबईला श्रीरंगभावजी येतील घ्यायला. मी आत्ता फोन करते."

श्रीरंग म्हणजे आजींचा पुतण्या. तो फोनवर म्हणाला, "काकू पोहायला चाललीये? थांबा, आधी बसू द्या मला." त्याच दुपारी तिकिटं निघाली. तनयाला त्या दिवशी जेवणाआधी आइस्क्रीम मिळालं, बाहेर बर्फ पडत असताना.

पुढचे दिवस नुसती धामधूम. आजींचं सामान दोन्हीकडचं, म्हणजे समुद्राचं आणि कायमचं परतीचं, एकाच बॅगेत बसवायचं होतं. बॅग भरायची, वजन करायचं, पुन्हा उपसायची. तळाशी जर्मन चॉकलेटं, मध्ये साड्या, वर पोहण्याचा पोशाख. त्यांनी शेंगदाण्याची चटणी काढून ठेवली, ती गौरांगसाठी घरीच राहिली. मला शेवटी कुठेच जागा उरेना, तेव्हा आजींनी मला पर्समध्ये घातलं, औषधांच्या डब्याशेजारी. विमानात मी ढगांवरून गेलो. पुन्हा समुद्रावरूनच, पण या वेळी जरा ऐटीत.

आणि मग, मंडळी, समुद्र!

ऊन इतकं की सगळ्यांचे डोळे मिटत होते. सरिताला झाडाखाली हॅमॉक मिळाला आणि ती त्यात जी पडली ती संध्याकाळीच उठली. कोणी हाक मारली नाही. गौरांगने मिश्या काढून टाकल्या होत्या आणि नवा मास्क घेतला होता. त्याला ओळखायला मला वेळ लागला. आजी, तनया आणि तो हात धरून पाण्यात शिरले. गुडघे, कंबर, छाती. आजींनी मला डोळ्यांवर ओढलं, नळी दातांत धरली आणि स्वतःहून आडव्या झाल्या.

खाली फरश्या नव्हत्या. खाली पिवळे पट्टेदार मासे होते, पोपटासारख्या चोचीचा एक निळा-हिरवा मासा दगड खरवडत होता, आणि उन्हाच्या जाळ्या वाळूवर हलत होत्या. आजी ओरडल्या. नळीतून आवाज आला, "हुऽऽ!" तनया ओरडली, "हुऽऽ!" पाण्याखाली मराठीही नसते, जर्मनही नसते. बोट दाखवायचं आणि हुऽऽ म्हणायचं. थोड्या वेळाने माझ्या आत, नाकाजवळ, खारट पाणी जमलं. मी घाबरलो, झालर सुटली की काय! सुटली नव्हती. ते पाणी आतलंच होतं.

आठवडा कसा गेला कळलं नाही. परतीच्या दिवशी विमानतळावर एक रांग फ्रँकफुर्टची, एक मुंबईची. तनयाने मला आजीच्या पर्समध्ये कोंबलं आणि आजीच्या कमरेला मिठी मारली. "त्सू ग्रोस फ्यूर मिश," तिने पुटपुटत सांगितलं. म्हणजे, हा मला मोठा होतो. सरिता वाकून नमस्कार करायला गेली, तर आजींनी तिला मध्येच उचलून जवळ घेतलं.

आता मी साताऱ्यात असतो. माझ्या काचेवर एक ओरखडा आहे, पट्टा सैल झालाय, सिलिकॉन जरासं पिवळं पडलंय. तक्रार काही नाही. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद कपाटात पडला असेल तर एवढीच विनंती: त्याला गोड्या पाण्यात धुवा, उन्हात तापवू नका, आणि वर्षभर अंधारात ठेवू नका. आम्हाला बघायची सवय असते.

इथे जलतरण तलावावर सकाळी बायकांची बॅच असते. आज आजींनी शेजारच्या लताबाईंनाही आणलंय. त्या साडी बदलून, पोहण्याचा पोशाख घालून, हात छातीशी धरून पायरीवर उभ्या आहेत.

"अहो प्रभाताई, पाणी गार आहे का हो?"

"उतरा, मग सांगते," आजी म्हणतात आणि मला लताबाईंच्या हातात देतात. लताबाईंचा चेहरा गोल आहे, मिश्या नाहीत. बसेन बहुतेक. निघतो मी.