खतातली सळई

गवंडी टेप घेऊन मागच्या अंगणात आला, तेव्हा ताई खताच्या ढिगाला खेटून स्टूल टाकून बसलेली. ढिगात सळई खुपसलेली. तिथे फरशी घालून गाडी उभी करायची, हे धाकट्या भावाने परस्पर ठरवलं होतं. ताईला सांगितलं आज सकाळी, चहा पिता पिता. म्हणे, "तो उकिरडा तेवढा हलव."

उकिरडा! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सहा वर्षांपूर्वी शिवणाचं मशीन आणि एक ट्रंक घेऊन ती या घरी आली, तेव्हा इथे नुसता राडारोडा होता. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे. गवताची काडी उगवेल तर शपथ. तिने भाज्यांची सालं, देठं, चहाचा चोथा, गल्लीतला पाला असं सगळं जमवलं. थरावर थर दिले, पाणी शिंपडलं, फावड्याने खालीवर केलं. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली. भावजयीने आठ दिवस अबोला धरला. धरू दे! खत होत गेलं, वाफे वाढत गेले.

"ताई, ऊठ ना. कशाला तमाशा करतेस?" गवंड्यामागून आलेला भाऊ म्हणाला.

"तमाशाला माणूस बोलावलास तू." मग ती गवंड्याकडे वळली. "ती सळई ओढा हो जरा. टोक धरून बघा."

त्याने ओढली, टोकाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "अहो, तापलीय की!"

"तापणारच. खत कुजताना तापतं. काम चाललंय आत."

गवंड्याने मान हलवली. "साहेब, यावर फरशी नाही टिकायची, खचेल. सगळं उपसावं लागेल."

"मग उपसा!" भाऊ भडकला. "जागा माझी आहे!"

झालं. सहा वर्षं घरात कुणी तोंडावर बोललं नव्हतं ते आज बोलून झालं. ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण स्टूल काही सोडलं नाही तिने.

"जागा तुझी, बाबा. माती माझी. मी केलीय ती. काल दोनदा वाढून घेतलेली वांगी हिच्यातलीच. उपसायची ना? घमेलं घे आणि माझ्या डोळ्यांदेखत तुझ्या हाताने उपस. खाली तुझा राडारोडा जसाच्या तसा आहे. लाव त्यावर गाडी."

भावाने घमेल्याकडे पाहिलं. हात काही पुढे झाला नाही. गवंड्याने टेप गुंडाळली.

ताईने डोळे पुसले आणि सळई पुन्हा ढिगात खुपसली. "आणि सकाळचा चोथा बेसिनमध्ये टाकलास तू," ती म्हणाली. "उद्यापासून खताच्या बादलीत."