झेंडूचा हार आणि माझी ताटली

केशोरी गावच्या उदारामने आपल्या मुलाचे, वीरेंद्रचे, लग्न रीताशी लावले, त्याच वर्षी, म्हणजे २०१४ साली, मी गोंदियाच्या एका रक्तपेढीत आलो. मित्रांनो, मी रक्ताची पिशवी झुलवणारे एक जुने यंत्र आहे.

माझ्या ताटलीवर पिशवी ठेवतात. रक्त येत असताना मी तिला हलकेच झुलवतो, म्हणजे रक्त पिशवीतल्या औषधात मिसळते, गोठत नाही. माझ्या पोटात एक सिमकार्डही होते. मी कुठल्याही गावच्या रक्तदान शिबिरात असलो, तरी माझी ताटली हलते की थांबली, हे रक्तपेढीतल्या प्रेमिलाताईंना गोंदियात मोबाइलवर दिसायचे. मलाच अचंबा वाटे. मध्ये एवढे जंगल, एवढ्या धानाच्या बांध्या, आणि माझी प्रत्येक हालचाल तिकडे पोचते!

पुढच्या वर्षी मी केशोरीला शिबिरासाठी गेलो. त्याच सकाळी रीता गोंदियाच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. मुलगी सुखरूप, पण रीताचे रक्त फार गेले होते. तिला ओ निगेटिव्ह हवे होते आणि ते रक्तपेढीत उरले नव्हते. गावात त्या रक्तगटाचा एकटा खुशाल होता. तो माझ्याशेजारी आडवा झाला. रक्तपेढीच्या लोकेंद्रने सुई लावली, मी झुलू लागलो. तेवढ्यात पलीकडे एकाला भोवळ आली, म्हणून लोकेंद्र तिकडे धावला.

उदाराम हात जोडून उभा होता. त्याच्या घरी मोटारपंप असो की मळणीयंत्र, हार घातल्याशिवाय सुरू होत नसे. त्याने मोठ्या भक्तीने झेंडूचा हार माझ्यावर चढवला. हाराचा दोरा ताटलीखाली गुंतला आणि मी थांबलो. मी खूप ओरडलो, पण मंडपातल्या भोंग्यापुढे माझी पिपाणी कोण ऐकणार?

लोकेंद्रचा मोबाइल वाजला. गोंदियाहून प्रेमिलाताई बोलत होत्या.

“लोकेंद्र, ताटली थांबली आहे! रक्त गोठून जाईल.”

तो धावत आला. “उदारामजी, हार काढा!”

“देवाच्या नावानं घातला, काढू कायले?”

“तुमच्या सुनेचं रक्त आहे जी त्या पिशवीत!”

उदारामने दोरा तोडला आणि हार छातीशी धरला. लोकेंद्र पिशवी हाताने हलवत होता.

खुशाल म्हणाला, “काका, तो हार आता माझ्यावर नका टाकू. मी जित्ता आहो!”

प्रेमिलाताईंनी तिकडे मोबाइलला बोट लावले आणि इकडे मी झुलू लागलो. मला कोणी शिवलेही नव्हते. उदाराम पाहतच राहिला. मग त्याने लोकेंद्रचा मोबाइल दोन्ही हातांनी धरला.

“बाई, इतक्या दुरून तुले दिसून राहिलं?”

“दिसते, मामाजी. पण दोरा काढाले हात तुमचेच लागले.”

रक्त गोठले नव्हते. तपासणी होऊन संध्याकाळी ते रीताला चढले. ती वाचली.

त्यानंतर प्रत्येक शिबिरात उदाराम हार आणायचा, पण शेजारच्या स्टुलावर ठेवायचा आणि लोकेंद्रला विचारायचा, “बाई पाहून राहिली ना?”

आता नवी यंत्रे आली आहेत. माझे सिमकार्ड काढले, मी कपाटावर धूळ खातो. मित्रांनो, यंत्राला जरूर नमस्कार करा, पण ते आवाज देते तेव्हा कोणीतरी जवळ असू द्या.

लोकेंद्र सांगत होता, गेल्या शिबिरात नव्या यंत्राशेजारच्या स्टुलावर हार रीताने ठेवला. उदाराम २०१८ सालीच, धानकापणीच्या दिवसांत, केशोरीत आपल्या घरी वारला.