घरच्या माणसाचा शब्द

शुक्रवारी संध्याकाळी यतीन ताम्हाणे पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मनीषाच्या मनात आलं की तो बॉक्स घ्यावा आणि त्याच्याच टाळक्यात हाणावा. पण पंचवीस वर्षांची सवय वाईट. तोंडातून निघालं, "या भाऊजी, बाहेर थंडी आहे." आणि हा गृहस्थ बूट काढून, जणू काही घडलंच नाही अशा थाटात, आत येऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला.

यतीन म्हणजे तिच्या नवऱ्याचा, शशिकांतचा, जिवलग मित्र. दोघं एकाच वर्षी, एकाच कंपनीच्या वर्क परमिटवर इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत आले. पहिली तीन वर्षं एका घरातल्या दोन खोल्यांत दोन संसार चालले. शशिकांत नोकरी करत राहिला. यतीनने नोकरी सोडून गोदामं भाड्याने द्यायचा धंदा काढला, तो फळला, आणि चार वर्षांपूर्वी त्याने आइस हॉकीची अख्खी टीमच विकत घेतली. कॉव्हेंट्री अँव्हिल्स. तोवर त्याला ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आज माहीत आहे की नाही देव जाणे, पण मालकांच्या लाउंजमध्ये वाइनचा ग्लास धरून उभं राहायला ते लागत नाही.

मनीषाचा मुलगा जय याच टीममध्ये डिफेन्सला खेळतो आणि दिवसा एका शाळेत पी.ई. शिकवतो. त्याचे पहिले स्केट्स यतीनकाकाने घेऊन दिले होते, सातव्या वाढदिवसाला. यतीन हे कधी विसरत नाही, आणि कोणाला विसरूही देत नाही.

आज तो का आला होता हे सांगायची गरज नव्हती. उद्या, शनिवारी, घरच्या रिंकवर मॅच होती, आणि अँव्हिल्सच्या एकोणीस खेळाडूंनी बर्फावर उतरायला साफ नकार दिला होता. त्यांचा प्रतिनिधी जय.

भांडण कॅलमच्या गुडघ्यावरून होतं. कॅलम जयचा अंडर-टेन्सपासूनचा दोस्त. दिवसा बांधकामावर परांच्या उभारायचा, संध्याकाळी प्रॅक्टिसला यायचा, आणि मनीषाच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चार थालीपीठं खाऊन "थँक्स, आँटी" म्हणून जायचा. तीन आठवड्यांपूर्वी मॅचमध्ये तो रिंकच्या कडेच्या बोर्डवर आदळला आणि गुडघा गेला. मनीषा एकोणीस वर्षं हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. जयने रिपोर्ट दाखवला आणि तिला पुढचं सगळं दिसलं. महिन्याभरात ऑपरेशन झालं तर पोरगा पुन्हा खेळेल. सरकारी हॉस्पिटलच्या वेटिंग लिस्टवर दहा महिने काढले तर खेळणं सोडा, परांचीची शिडीही चढायचा नाही.

क्लबने खेळाडूंचा विमा काढायचा होता, म्हणजे खाजगी ऑपरेशन लगेच झालं असतं. विमा काढलाच नव्हता! वर कॅलमला दोन ओळींची ईमेल आली की तुझं काँट्रॅक्ट संपलं, शुभेच्छा. शुभेच्छा म्हणे! मनीषाने ती ईमेल वाचली त्या दिवशी तिच्या हातून दोन कप फुटले, आणि ते काही चुकून फुटले नव्हते.

पण तिचा जीव जळत होता तो निराळ्याच कारणाने.

ऑगस्टमध्ये, गणपतीत, यतीन मनीषाच्या घरी जेवायला आला होता. पानात मोदक, त्यावर तूप. जयने खिशातून एक कागद काढला. "काका, एक सही पाहिजे. क्लब सगळ्या मुलांचा इन्शुरन्स काढणार, एवढंच लिहिलाय."

यतीनचा हात मोदकावरच थांबला. "अरे, मी तुला खांद्यावर बसवून फिरवलंय. घरच्या माणसाकडे सही मागतोस? पहिल्या मॅचच्या आत काढणार इन्शुरन्स. शब्द आहे माझा."

आणि जय काही बोलणार तेवढ्यात मनीषाच कडाडली, "जय, ठेव तो कागद आत! गणपतीत जेवणाऱ्या माणसापुढे कागद नाचवतात का? काका काय परके आहेत?"

जयचे कान लाल झाले. त्याने कागदाची घडी केली. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये त्याने सांगितलं, मी या माणसाला जन्मापासून ओळखतो, त्याचा शब्द पुरेसा आहे. मुलांनी यतीनवर नव्हे, जयवर विश्वास ठेवला. इथल्या कुठल्याही आईने मुलाला बजावलं असतं, बाबा रे, आधी सही घे, मग पुडिंग खा. आपल्यात उलटं. आपल्यात सही मागणारा उद्धट ठरतो आणि शब्द देऊन विसरणारा घरचा माणूस. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि वाढपी कोण, तर मनीषा!

आता तिने चहा ठेवला. शशिकांत सोफ्याच्या टोकाला बसला होता.

"जय कुठाय?" यतीनने विचारलं.

"मुलांची मीटिंग आहे. तिकडे."

"कसली मीटिंग, वहिनी! पोरखेळ आहे नुसता. उद्या दोन हजार लोक येतायत. मी खालच्या लीगमधून पंधरा मुलं बोलावून ठेवलीयेत, मॅच तर होणारच. पण मग मी कोणाचं ऐकणार नाही. अकरा इम्पोर्ट्स आहेत माझ्याकडे, कॅनडाचे, फिनलंडचे. सगळ्यांची व्हिसा स्पॉन्सरशिप क्लबची. एक ईमेल टाकली की बॅगा भरायला लागतील."

शशिकांतने कप खाली ठेवला. "आपला पहिला मॅनेजर हेच म्हणायचा, यतीन. तू रात्रभर जागा राहायचास."

"तो काळ वेगळा होता रे." यतीनने हाताने ती गोष्ट बाजूला सारली आणि मनीषाकडे वळला. आवाजात साखर आली. "वहिनी, जय फक्त तुमचं ऐकतो. त्या दिवशी कसं एका वाक्यात गप्प केलंत त्याला! तसंच आज करा. सगळ्यांचं भलं होईल."

मनीषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हा माणूस त्या दिवशी मोदक खात खात तिची किंमत करत होता. ही बाई कामाची आहे, पुढे लागेल, अशी नोंद मनात करून ठेवली होती त्याने.

"तुम्ही शब्द दिला होतात, भाऊजी."

"जेवताना माणूस शंभर गोष्टी बोलतो."

"ही एकच बोलला होतात. पहिल्या मॅचच्या आत, म्हणालात."

"बरं, म्हणालो. प्रूफ काय?" यतीनने खिशातून एक घडी केलेलं पत्र काढून टेबलावर उलगडलं. "हे बघा. खेळाडूंच्या असोसिएशनच्या लॉयरचं लेटर. ह्यात तुमच्या जयनेच लिहून दिलंय की बोलणं आम्हा दोघांतच झालं, तिसरं कोणी नव्हतं. मग काय, माझा शब्द अगेन्स्ट त्याचा. आय डोन्ट थिंक ते कुठे टिकेल." आणि स्वतः आणलेला पेढा स्वतःच उचलून तोंडात टाकला.

मनीषाने पत्र वाचलं. दोनदा वाचलं. तिसरं कोणी नव्हतं.  आपण भर पंगतीत पोराला गप्प केलं, आणि पोराने आपलं नावही घेतलं नाही. काकांविरुद्ध साक्ष द्यायची पाळी आईवर येऊ नये म्हणून चक्क खोटं लिहून दिलं, स्वतःची बाजू लंगडी करून. आणि हा समोर बसून पेढा चघळतोय!

"मी होते," ती म्हणाली.

"वहिनी..."

"मी होते. हेही होते. मोदक मीच वाढत होते. तुमच्या पानात तो चौथा होता, आणि पाचवा नको नको म्हणत घेतलात. सांगू अजून?"

"मनीषा," शशिकांत म्हणाला.

"तुम्ही थांबा हो जरा!" पत्राच्या माथ्यावर वकीलबाईंचा नंबर होता. तिने यतीनच्याच पत्रावर बोट ठेवून, यतीनच्याच समोर, एकेक आकडा दाबला.

पेढा गिळायला यतीनला वेळ लागला. "फोन ठेवा, वहिनी. कॅलमचं मी बघतो ना. शब्द देतो तुम्हाला."

"एक शब्द पडलाय अजून वापराविना. तो आधी संपवा."

वकीलबाई अजून ऑफिसात होत्या. मनीषाने आपलं नाव सांगितलं, जय बर्वेची आई म्हणून ओळख दिली, आणि थिएटरमध्ये सर्जनला जशी भराभर माहिती देते तशी इंग्रजीत सगळी हकिगत सांगितली. वार, वेळ, यतीनचं वाक्य जसंच्या तसं. पलीकडे टायपिंगचा आवाज येत होता. मग बाईंनी शांतपणे विचारलं, तुमच्या मुलाने कागद आणला होता, तर सही का नाही घेतली?

 खोलीत दोन पुरुष तिच्याकडे बघत होते.

"मी घेऊ दिली नाही," ती म्हणाली. "मी त्याला सगळ्यांसमोर ओरडले. कागद आत ठेव म्हणाले. चूक माझी होती."

हे तुम्ही सही करून द्याल का, असं बाईंनी विचारलं. मुलाचा जबाब मग दुरुस्त करावा लागेल, तो अडचणीत येणार नाही पण खुलासा द्यावा लागेल, असंही सांगितलं. मनीषा हो म्हणाली. तेवढ्यात शशिकांत उठला, तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि फोनमध्ये जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, "माझंही नाव घाला. मीही ऐकलंय."

यतीन बूट घालत म्हणाला, "पंचवीस वर्षं, शशी. पंचवीस."  शशिकांतचे डोळे भरून आले होते, आणि मनीषाला त्याचाही राग आला.

"पेढे घेऊन जा," तिने बॉक्स यतीनच्या हातात कोंबला. "पंधरा पाहुणे येणारेत ना उद्या तुमच्याकडे? त्यांना वाटा."

शनिवारी ती पंधरा मुलं मिनीबसमधून उतरली, तर रिंकच्या दाराशी एकोणीस जण थंडीत ओळीने उभे, आणि त्यांच्यापुढे कुबड्यांवर कॅलम. कोणी कोणाला अडवलं नाही, की शिवी दिली नाही. तरी नऊ जण पुन्हा मिनीबसमध्ये जाऊन बसले. बदली खेळाडूंविना, नुसत्या सहा जणांत हॉकी होत नाही. मॅच रद्द झाली, आणि दोन हजार लोकांच्या शिव्या कोणी खाल्ल्या ते सांगायला नको. बुधवारी क्लबच्या वकिलाचं पत्र आलं. ऑपरेशन क्लब करणार, पुढच्या गुरुवारी, लेस्टरच्या खाजगी हॉस्पिटलात. काँट्रॅक्ट पुन्हा चालू. इम्पोर्ट्सपैकी कोणाच्या व्हिशाला हात लागला नाही. जयला पुढच्या सीझनला टीममध्ये घेतील का, हे विचारायला ज्योतिषी नको.

त्या संध्याकाळी जय शाळेतून आला तो जेवायलाच बसला. शशिकांत अजून कामावर होता. मनीषाने गरम पोळी वाढली आणि समोर बसली. पाच दिवस ती हा क्षण राखून बसली होती. पोराने आपल्याला पाठीशी घातलं, ते निदान त्याच्या तोंडून ऐकावं असं तिला फार वाटत होतं.

"तू वकीलबाईंना खोटं का सांगितलंस रे?" ती हळूच म्हणाली. "मला या भानगडीत ओढायचं नव्हतं ना तुला?"

जय चावायचा थांबला. "नाही, आई. तसं नव्हतं."

"मग?"

"मला वाटला, तुझा नाव दिला तर तू काकांचा साइड घेशील. म्हणशील, तो असं काही बोललाच नाही." त्याने पोळीचा तुकडा भाजीत फिरवला. "मग तुझा स्टेटमेंट आमच्या अगेन्स्ट गेला असता. कॅलमचा चान्स गेला असता. सो आय जस्ट लेफ्ट यू आउट."

हे तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. बसची वेळ सांगावी तितक्या साधेपणाने त्याने ते सांगितलं, आणि आणखी एक पोळी मागितली.

मनीषा उठली. तव्यावर पोळी टाकली, उलटली, फुगली ती दाबली. तिला कोणावर तरी जोरात चिडायचं होतं. घरात दोघंच होती, आणि जयचं काही चुकलं नव्हतं.