धवल्यांची फाईल

मी एक जुना संगणक आहे मित्रांनो, कळव्यातल्या एका आगरी घरातला. मला आणलं गोपीनाथ आजोबांनी. त्यांची बायको गंगुबाई धवलारीण, म्हणजे धवल्यांची गाणी म्हणत लग्न लावणारी बाई. आजीला अक्षर येत नाही. ती गायची, आजोबा एका बोटाने टाइप करायचे. एखाद्या शब्दावर अडलं की दोघं कचाकचा भांडायची. सहासष्ट धवले पुरे झाले, तेव्हा आजोबांनी मला झेंडूचा हार घातला. मला कोण आनंद झाला होता!

पुढे आजोबा गेले. आजी विसरायला लागली. अशात नात संचिताचं लग्न ठरलं. धवले आजीनेच म्हणायचे, हा संचिताचा हट्ट. संचिता फाईल बघून ओळ सांगणार आणि आजी पुढे गाणार, असं ठरलं.

नेमका तेव्हाच माझा लिहिण्याचा जुना प्रोग्रॅम बंद पडला. संचिताचे बाबा महेंद्र म्हणाले, "फुकटवालं ऑफिस सॉफ्टवेअर टाकू, सगळं होतं त्यात."

त्यांचा मेहुणा साकेत घोडबंदरहून आला होता. "काय भावोजी! विकतचंच घ्या. आमच्या ऑफिसात सगळे तेच वापरतात."

आधी जागा करायची म्हणून साकेतने जुना कचरा काढला. त्यात आजोबांचा मराठी फॉन्टही गेला; त्याच्याशिवाय त्यांचे धवले मराठीत दिसतच नाहीत. मग फुकटच्यात फाईल उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा. "बघा, सांगत होतो!" साकेत म्हणाला. विकतचं टाकलं, तरी तेच. मग महेंद्रना जोर चढला. दोन दिवस एक काढ, दुसरं घाल चाललं होतं. फॉन्ट कुणाला आठवला नाही. धवले माझ्या पोटात शाबूत होते हो! पण सांगणार कसं?

आजी दारातून विचारायची, "काय रं, गावले का माजे धवले?"

"आई, फाईल खराब झालीय," महेंद्र वैतागून म्हणाले.

"बाबा, राहू द्या ना!" संचिता म्हणाली. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, डोकं तापलेलं. महेंद्रनी फाईल निवडली. मला एकच प्रश्न विचारता येतो, तो मी विचारला, 'कायमचं काढून टाकायचं?' त्यांनी 'हो' दाबलं.

लग्नात आजीने दोन ओळी म्हटल्या, थांबली आणि संचिताकडे बघत राहिली. संचिताकडे पुढची ओळ नव्हती.

मित्रांनो, नवं काय घ्यायचं यावर खुशाल भांडा. पण घरातल्या माणसाने जे लिहून ठेवलंय, त्याची कागदावर एक प्रत आधी काढा. आजी अजून रोज पदराने माझी धूळ पुसते. तिला वाटतं, धवले आत आहेत.