काचेमागचा घेवडा

मित्रांनो, मी झाडाच्या सालीच्या कागदातून कापलेला एक जुना घेवडा आहे. घेवडा म्हणजे शेंग नव्हे, घेवड्याचा जीव. मला डोकं आहे, पाय आहेत, दोन्ही बाजूंना शेंगा लोंबतात आणि दोन्ही हात वर उचललेले आहेत. माझी ही गोष्ट मुख्यतः त्या हातांची आहे.

दोमितिला आजीने साल चुन्याच्या पाण्यात शिजवली, तिचे पट्टे फळीवर आडवे-उभे मांडले आणि दगडाने ठोकून ठोकून एकजीव केले. आमच्या डोंगरातल्या गावात घराघरांतून हीच ठकठक ऐकू येते. फळी उन्हात ठेवली, मी वाळलो. मग पिकांचे असे जीव कापून देणारा गावचा जाणता क्रिसोफोरो आला. त्याने मला दुमडलं आणि कात्रीने कापलं. कागदावर रेघ मारायची त्याला गरज पडत नसे.

"पेरणीआधी याला जेवू घालायचं," त्याने आजीला बजावलं. "उपाशी ठेवलास तर शेतात कशाला येईल तो?"

आजीने ते कधी चुकवलं नाही. दरवर्षी ती मला पेटीतून काढायची, देवापुढे मांडायची आणि माझ्या तोंडाला कोंबडीचा रस्सा, गोड कॉफी लावायची. माझ्या अंगावर डाग पडले, कडा झिजल्या. मला त्याचं काही वाटत नसे. मी शेतात जायचो आणि वेल मक्याच्या धाटांना धरून सरसर वर चढायचे. तेव्हा माझा रुबाब काही औरच होता.

पुढे क्रिसोफोरो वारला. आजीची सून फिदेन्सिया मनाने चांगली, पण भारी धसका घेणारी. जाणत्याच्या हातचा हा एवढाच उरलाय, दमटपणाने कुजेल, किडे खातील, या काळजीने तिने आजी लेकीकडे गेलेली असताना मला खळीने पुठ्ठ्यावर चिकटवलं, वर काच बसवली आणि भिंतीला टांगलं. येणारेजाणारे वाहवा करायचे. त्यांना वाटे, मी नाचतोय. माझे वर उचललेले हात आता बाहेर काढा म्हणतायत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मित्रांनो, काचेमागे वारा येत नाही, वासही येत नाही. पेरणीआधी आजीने कॉफीचा पेला काचेजवळ धरला. वाफेने काच धुरकटली आणि आजी दिसेनाशी झाली. मग फिदेन्सिया फडकं घेऊन आली. मी ओरडलो असतो, पण कागदाला आवाज कुठला?

त्या वर्षी वेल पिवळे पडले, शेंगा पोचट निघाल्या. फिदेन्सियाने बाजारातून घेवडा आणला. आजीने ताट बाजूला सारलं. तो उपाशी असताना मी कशी जेवू, एवढंच ती म्हणाली. पुढे तर ती कशालाच हात लावेना. अंगावरचा झगा सैल झाला, चूल गाठायलाही भिंतीचा आधार लागू लागला.

फिदेन्सिया विनवून थकली. "आई, ओढला तर फाटेल तो. दुसरा कोण कापून देणार आहे?"

"मग तुझ्या नवऱ्यालाही लाव की काच," आजी म्हणाली. "तोही झिजतोय." थोड्या वेळाने तिचा आवाज खाली आला. "फाटला तर फाटू दे, पोरी. मला तो बघायला नकोय, जेवायला हवाय."

फिदेन्सियाने चौकट उतरवली. खळ भिजवली, नखाने हळूहळू मला सोडवलं. डावा हात काही सुटेना. तो खांद्यापासून फाटला आणि ती रडायला लागली. आजीने हाताकडे पाहिलंही नाही. रश्शात बोट बुडवून तिने ते माझ्या तोंडाला लावलं, मग आपल्या तोंडात घातलं आणि ताट जवळ ओढलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्या कशासाठी केल्या होत्या, तेही विचारून घ्या. मी आता पुन्हा पेटीत असतो, पेरणीला शेतात जातो. माझा डावा हात मात्र अजून काचेमागे आहे, तसाच वर उचललेला. पाहुणे विचारतात, हा एवढासा कागद कशाला लावलाय? फिदेन्सिया काचेकडे बघते आणि म्हणते, "मी जपला, तेवढा."