रुचिता माझ्यावर चारदा बसली

मित्रांनो, मैत्रिणींनो, मी मोहाडीजवळच्या एका गावातल्या आरोग्य उपकेंद्राचा लाकडी बाक. चिंधू सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवले. नवा होतो तेव्हा लोक हात फिरवून म्हणत, "कसा चमकून राहिला जी!" आता माझा एक पाय झिजला आहे. तापाने फणफणलेली लेकरे, लस टोचल्यावर रडणारी बाळे, सगळी माझ्यावर बसली. पण मला सांगायचे आहे ते रुचिताचे.

तिचा नवरा कमलेश वरठीच्या कारखान्यात कामाला. मुलगी अकरा महिन्यांची. लगेच दुसरे मूल नको, म्हणून त्याने औषधाच्या दुकानातून तातडीची गर्भनिरोधक गोळी आणून दिली होती.

ती पहिल्यांदा आली, तेव्हा शेजारच्या कुंताबाई माझ्यावर बसल्या होत्या.

"काहून आली वं?"

"डोकं दुखते जी."

डोकेदुखीचीच गोळी घेऊन ती परतली. आठवड्याने पुन्हा आली. व्हरांडा बायकांनी भरला होता. माझी कड घट्ट धरून ती बसली आणि सिस्टरांना न भेटता तशीच घरी परतली. मला वाचा नाही, याचे इतके दुःख कधी झाले नव्हते.

तिसऱ्यांदा कमलेशने तिला मोटारसायकलवरून आणले. चेहरा पांढराफटक, दोन्ही हात पोटावर. चंद्रकांता सिस्टर धावत आल्या.

"गोळी खाल्ल्यावर आठ दिवसांनी रगत गेलं जी. मले वाटलं, पाळीच आली. मंग थोडं थोडं जातच राहिलं. आता पोट भलतंच दुखून राहिलं."

"महिना उलटला! सांगितलं काहून नाही, बेटा?"

"लाज वाटे जी."

गर्भ तपासायच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या; गोळी घेऊनही दिवस गेले होते. सिस्टरांनी लगेच गाडी बोलावून तिला भंडाऱ्याला नेले. गर्भ पिशवीत नव्हे, गर्भनळीत वाढत होता आणि नळी फुटली होती. ऑपरेशन झाले. रुचिता वाचली. गर्भ गेला, एक नळीही गेली.

पुढे ती रक्तवाढीच्या गोळ्या न्यायला आली. व्हरांड्यात कोणीच नव्हते. ती सिस्टरांना म्हणाली, "मले तर ते नकोच होतं जी. मंग रडू काहून येते?"

 सिस्टर माझ्यावर तिच्याजवळ बसून राहिल्या.

मैत्रिणींनो, तातडीच्या गोळीनंतर मधेच रक्त जाऊ शकते, बहुतेक वेळा ते आपोआप थांबते. पण तीन आठवड्यांत नेहमीसारखी पाळी आली नाही, तर तपासणी करा. पोटात कळा आल्या, तर एक दिवसही थांबू नका. माझ्यावर बसून तशाच परत जाऊ नका. आत जा आणि बोला.