इसाबेलच्या गळ्यातली पुतळी

मी पुतळी बोलतेय. कागदावर माझं नाव नाणं आहे, पण ते पेटीत ठेवणाऱ्यानं दिलेलं. पुतळी म्हणून हाक मारली ती इसाबेलनं, आणि जिनं गळ्यात घातलं तिनं दिलेलंच नाव मी लावते.

माझा जन्म मारातून झाला, हे आधीच सांगून टाकते. लांबच्या एका देशातली टांकसाळ. पोलादाच्या दोन ठशांमध्ये मला, सोन्याच्या कोऱ्या चकतीला, झोपवलं आणि वरून असा दणका घातला की अंगात श्वास असता तर गेला असता. एकदा नाही, तीनदा. उठले तेव्हा तोंडावर एका बाईचा चेहरा होता, त्या देशाच्या कुण्या जुन्या पुढाऱ्याच्या बायकोचा. पाठीवर तीच बाई जखमी शिपायाला पाणी पाजत होती. नवऱ्यांची नाणी पाडून झाल्यावर कुणाला तरी आठवलं म्हणे, की अरे, यांना बायकाही होत्या!

प्लॅस्टिकच्या गोल डबीत बंद होऊन, सर्टिफिकेट घेऊन, मी अबुधाबीला व्हर्ननच्या फ्लॅटमध्ये आले. व्हर्नन मूळचा वसईचा, तेलकंपनीत मोठ्या हुद्द्यावर, चारचौघांत बोलायला साखर. पुढाऱ्यांच्या बायकांची नाणी जमवायचा त्याला नाद. काचेच्या पेटीत, निळ्या मखमलीवर आम्ही अकरा जणी. पाहुण्यांना दाखवायचा, "बघा, एकेका लेडीला काय रिस्पेक्ट दिलाय!" मला विकत घेताना पैसे कमी पडले, तेव्हा त्यानं बायकोच्या लग्नातल्या दोन बांगड्या मोडल्या. इसाबेलला विचारलंही नाही.

आम्हाला हात लावताना तो पांढरे सुती हातमोजे घालायचा. इसाबेलवर हात टाकताना मात्र उघडा हात.

काचेआडून मी सगळं पाहिलं. भाजीत मीठ जास्त झालं, मार. फोन उशिरा उचलला, मार. डोकं भिंतीवर आपटलं की नारळ फोडल्यासारखा आवाज येतो, हे मला त्या घरात कळलं. एकदा त्यानं तिची बोटं फटीत धरून दार ओढलं. ती ओरडायची नाही, आतल्या खोलीत नऊ वर्षांची लेक शेनॉन अभ्यास करत असायची ना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात, चर्चमध्ये तिचं एकच उत्तर, "बाथरूममध्ये घसरले." अगं बाई, माणसानं बाथरूममध्ये घसरावं तरी किती वेळा! पण लोक माना हलवायचे. त्यांनाही तेच सोयीचं.

आणि माझ्या पाठीवरची बाई शिपायाला पाणी पाजतच होती. तिच्यापासून चार हातांवर इसाबेल फरशीवर पडलेली. तिला कोण पाजणार?

मग शेनॉनचं फर्स्ट कम्युनियन आलं, चर्चमध्ये पहिला प्रसाद घ्यायचा सोहळा. अशा दिवशी लेकीच्या बाजूला लंकेची पार्वती होऊन उभं राहायचं, हे इसाबेलला सोसेना. तिची आजी सणासुदीला पुतळ्यांची माळ घालायची, ते तिच्या मनात घर करून होतं. व्हर्नन कामासाठी दोन दिवस रास अल खैमाला गेला, तशी तिनं पेटी उघडली आणि मला शारजाला खैरुद्दीन सोनाराकडं नेलं.

तो चष्मा वर करून म्हणाला, "बहनजी, ये कलेक्शनवाला सिक्का है. कडी लगाऊंगा तो इसका भाव खलास."

"भाईसाब, ये सिक्का नहीं, मेरी चूडियाँ हैं. लगाओ."

सोनाराच्या ज्योतीनं माझा माथा भाजून निघाला, पण कडी बसली. लाल रेशमी गोफात ओवून तिनं मला गळ्यात घातलं. तिचं काळीज माझ्या पाठीशी धडधडत होतं. इतकी वर्षं मखमलीवर काढली, पण ऊब म्हणजे काय ते तेव्हा समजलं.

चर्चमध्ये व्हर्ननची नजर माझ्यावर गेली. तो हसला, फोटो काढून घेतले, फादरशी हात मिळवला. "यल्ला, बसा गाडीत," एवढंच बोलला. घरी आल्यावर शेनॉनला खोलीत पाठवलं आणि बाहेरच्या दाराची कडी लावली.

"गावठी ती गावठीच! दहा हजार दिरहॅमची वस्तू, अडीच लाख रुपये, आणि तू तिला डाग देऊन आणलंस?"

"माझ्या बांगड्यांची आहे ती, व्हर्नन."

पहिला फटका कानावर. मग गोफ धरून त्यानं हिसका दिला, तशी मी उलटी फिरून तोंडावर तिच्या कातड्याला टेकले. रेशीम तुटेना, मानेत रुतलं, रक्त माझ्यावर ओघळलं. मग त्यानं तिला भिंतीला टेकवून माझ्यावरच मूठ हाणली. पुन्हा टांकसाळ! पण या वेळी ठसा मी होते आणि खाली तिचं कातडं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी गळ्याखालचं हाड कट्‌कन मोडलं, ते मी ऐकलं.

तो हात धुऊन खाली निघून गेला. पांढऱ्या झग्यातली शेनॉन बाहेर आली, आईच्या गळ्याखाली बोट दाखवलं.

"मम्मा, देअर इज अ लेडी ऑन यू."

इसाबेल आरशासमोर गेली. काळ्यानिळ्या मांसात माझ्यावरच्या बाईचं तोंड उमटलं होतं. नाक, अंबाडा, कडेची अक्षरं, आरशात सगळं सुलट.

"बूट घाल," ती लेकीला म्हणाली.

पोलीस ठाण्यात फिझा नावाच्या पोलीस बाईनं मोडक्या हिंदीत विचारलं, "क्या हुआ?" आणि सवयीनं इसाबेलच्या तोंडून आपोआप निघालं, "बाथरूम में फिसल..." माझा जीव अडकला. गेलं, आता हिला परत त्याच घरात धाडतील!

फिझानं एका बोटानं मला बाजूला केलं. खालचा ठसा पाहिला. "बाथरूम के फर्श पर औरत का चेहरा होता है?"

शेनॉननं तिचा चांगला हात घट्ट धरला होता.

"नहीं," ती म्हणाली. "मेरे आदमी ने मारा. आज नहीं, ग्यारह साल से."

आता मी पुन्हा प्लॅस्टिकात आहे, पोलिसांच्या कपाटात, नंबर लिहिलेल्या पिशवीत. माझ्यावरच्या बाईच्या अंबाड्यात रक्त वाळलंय. फिझा कुणाला तरी सांगत होती, हाड जुळतंय, मायलेकी सुखरूप आहेत, केस उभी राहायचीय.

राहू दे. पण निकाल लागला की मला त्या मखमलीवर परत पाठवू नका. खैरुद्दीनकडं न्या आणि वितळवा. आगीला मी भीत नाही, मार तर जन्मापासून ठाऊक आहे. माझ्यातून दोन बारीक बांगड्या निघतील, त्या इसाबेलच्या हातात घाला. साध्याच असू द्या. पुन्हा कुणाचा चेहरा माझ्यावर उठवू नका.